बांधाकडच्या दहा ओळी

सुज्ञ वाचकहो, पुढील मजकुरात भुईमुगाची एक हकीकत आपणांपुढे ठेवीत आहे. तीत एका बाईवर आलेला बोल आहे आणि भूमीच्या पोटातील एक आश्चर्यही आहे. माझे शिक्षण अल्प. तथापि घडले ते सर्वांनी जाणून घेण्याजोगे आहे, म्हणून हे धाडस.

छत्रपती महाराजांच्या राजवटीत जयसिंगपूरची पेठ नुकती वसत होती. तेथून तीन कोसांवरच्या माळावर पिराजी नावाचा कष्टाळू शेतकरी राहत असे. त्याची सर्व जमीन आभाळाच्या भरवशावर. तीन वर्षे पाऊस वेळेवर पडूनही त्याच्या भुईमुगाचे कोवळे शेंडे पिवळे पडत, आणि शेंग फोडली तर आत सुरकुतलेला दाणा. देवऋषी झाले, उतारे झाले. अखेरीस त्याने दोष ठेवला तो शेजारच्या खैरुनबीवर.

ही विधवा लग्नकार्यासाठी शोभेची दारू तयार करून पोट भरीत असे. गंधक कुटल्यावर उखळ धुतलेले पाणी व झाडलोट ती पिराजीच्या बांधावर टाकी. त्यानेच आपली जमीन जळाली, अशी पिराजीची खात्री झाली. पेरणीची कुरी बांधापर्यंत फिरते, म्हणून बांधालगतच्या दहा ओळी तेवढ्या पेरल्या जात. पेरणीनंतर मात्र त्यांत कोणी पाऊलही टाकू नये, असा त्याने घरात दंडक घातला होता.

आश्विनात त्याने चावडीवर गाव जमविला आणि या बाईला गावातून काढा, अशी मागणी केली. बहुतेकांनी माना डोलावल्या. खैरुनबी मात्र डगमगली नाही.

"टाकते की गंधक. चोरून टाकते व्हय?" ती म्हणाली. "तुमच्या लेकीच्या वरातीत नळं उडालं, तवा ह्याच गंधकाकडं तोंड वर करून बघत हुतासा, पिराजीदादा."

लोक हसले, परंतु मत फिरेना. चाळीस वर्षांचे घर तिला सोडावे लागणार, असे दिसू लागले. तेव्हा घाणेवाला जोतीराम तेली उठला. ती जळालेली जमीन कोणी पाहिली आहे काय, असे त्याने विचारले. कोणीच पाहिली नव्हती. खुद्द पिराजीनेही नाही.

"मग बाईला हाकलायच्या आदी बांधावर तरी चला," जोतीराम म्हणाला. "जळल्यालं काय पळून जातंय?"

गाव बांधावर गेला आणि जागच्या जागी थबकला. शेतभर पिवळटपणा; आणि बांधालगत, गुडघाभर तणात, खुरप्याचा स्पर्शही न झालेल्या त्या दहा ओळी काळ्याभोर हिरव्या उभ्या! जोतीरामाने एक डहाळा उपटला. मुळाशी टपोऱ्या शेंगांचा झुपका लोंबत होता. पिराजी खाली बसला व त्याने त्या मातीवर हात ठेवला.

काढणीनंतर जोतीरामाने दोन्हीकडचे दाणे सारखे मापून वेगवेगळे गाळले. बांधाकडच्या दाण्यांचे तेल भांड्याच्या काठाला आले. शेतातल्या दाण्यांचे चार बोटे खाली राहिले.

पिराजी मान खाली घालून खैरुनबीच्या दारात गेला. चूक कबूल करून त्याने ती झाडलोट मागितली.

"ती न्हाय मिळायची," खैरुनबी म्हणाली. "त्यात दारू असती. चिलीम वढत शेतात हिंडशीला, आन बोल परत माझ्यावरच."

मग तिने त्याला आत बसवून चांगल्या गंधकाची पारख शिकविली. पिराजीने नुसता गंधक बारीक कुटून शेणखतात मुरविला व पेरणीपूर्वी रानभर पसरला. पुढच्या वर्षी सारे रान त्या दहा ओळींसारखे झाले.

वाचकहो, केवढी ही सृष्टीची अगाध करणी! जो पदार्थ आकाशात क्षणभर झगमगून विझतो, तोच मातीत शिरून दाण्यात तेल भरतो. जमिनीला काय कमी पडते, हे तिच्याकडे निरखून पाहणाऱ्यालाच कळते. आणि शेजाऱ्यावर बोल ठेवण्यापूर्वी, ज्या जागेचे भय वाटते तेथे स्वतः जाऊन डोळ्यांनी पाहावे. पिराजी स्वतःच्याच शेतातल्या त्या दहा ओळींकडे फिरकला नव्हता, म्हणून एका निरपराध बाईचे घर उठता उठता राहिले.

हे वाचण्यास आपण वेळ दिलात, त्याबद्दल मी आपला ऋणी आहे.

आपला नम्र,
ज्ञानू आण्णा मगदूम