डावीकडची सीट

परशुराम बोनेटला वळसा घालून आला आणि त्यानं ड्रायव्हरच्या बाजूचं दार उघडून धरलं.

"बस."

"मी?" भागीरथीनं विचारलं.

"बसून तर बघ. सीट कशी आहे ते कळेल."

टाय लावलेला सेल्समन हसून थोडा मागे सरकला. भागीरथीनं पदर सावरला आणि ती आत बसली. सीट तिला वाटली होती त्याहून बरीच खाली होती. समोरची काच लांबवर तिरकी गेली होती, आणि नव्या प्लास्टिकचा वास येत होता.

"क्लच दाब. पूर्ण."

तिनं दाबला.

"पाय ताणावा लागतो का?"

"नाही हो."

"आता स्टिअरिंग फिरव. दोन्ही हातांनी."

सेल्समननं वाकून इंजिन सुरू केलं. "आता बघा मॅडम, एका बोटानं फिरेल. होंडा सिटीची हीच तर मजा आहे." भागीरथीनं चाक फिरवलं. उजवा हात सहज गेला. डावा कोपरात जिथवर सरळ व्हायचा तिथवर झाला आणि थांबला. चौऱ्याऐंशी सालापासून तो त्याच्यापुढं जात नव्हता. परशुराम त्या कोपराकडेच बघत होता. तिनं हात काढून मांडीवर ठेवला.

"छान आहे," ती म्हणाली आणि खाली उतरली. मग तिला मागे बसवून परशुरामनं गाडीची एक छोटी चक्कर मारली.

अठ्ठ्याण्णव सालचा डिसेंबर होता. घरातली जुनी व्हॅन आता हिवाळ्यात सकाळी ढकलल्याशिवाय सुरू होत नव्हती. पुण्याला हॉस्टेलवर असलेली त्यांची मुलगी शेवंती दिवाळीत येऊन बजावून गेली होती, की बाबा, बर्फाचा एवढा कारखाना चालवता, आता तरी स्वतःसाठी एक गाडी घ्या. खरी गाडी. लान्सर नाहीतर सिटी. परशुराम तेव्हा नुसता हसला होता. मग परवा जेवताना अचानक म्हणाला, "रविवारी दोन्ही गाड्या बघून येऊ. तूही चल."

तूही चल म्हटल्याचं भागीरथीला नवल वाटलं होतं.

दुसऱ्या शोरूममध्ये लान्सर दाराशीच उभी होती, गडद निळी. परशुराम तिच्याजवळ गेला, पण त्यानं लगेच दार उघडलं नाही. आधी मागच्या चाकावरच्या पत्र्यावरून त्यानं तळहात फिरवला, सावकाश, बैलाच्या पाठीवरून फिरवावा तसा. भागीरथीनं ते पाहिलं आणि ती बाहेर रस्त्याकडे बघू लागली.

इथंही त्यानं तिला चाकामागे बसवलं, क्लच दाबायला लावला. हे स्टिअरिंग जरा घट्ट होतं. मग तो स्वतः बसला. सेल्समन त्याच्या शेजारी, भागीरथी मागे. माजिवड्यापर्यंत तो नेहमीसारखाच चालवत होता, रिक्षांच्या मागे, घाई नसलेल्या माणसासारखा. गेली चौदा वर्षं तो असाच चालवत आला होता. खारेगावच्या रस्त्याला लागल्यावर समोर पूल आला. खाली खाडी भरलेली होती आणि रस्ता लांबवर रिकामा होता.

त्यानं गिअर खाली आणला. गाडीनं क्षणभर श्वास घेतल्यासारखं केलं आणि भागीरथीची पाठ सीटला टेकली.

सेल्समन गाडीचे गुण सांगत होता तो मध्येच थांबला. पुलापलीकडच्या वळणावर परशुरामनं ब्रेकला पाय लावलाच नाही. त्यानं नुसतं चाक दिलं आणि गाडी रस्ता धरून वळली. मागून भागीरथीला त्याचे खांदे दिसत होते. ते खाली आले होते, सैल. मानेवरची शीर दिसत नव्हती. हा माणूस तिच्या ओळखीचा होता. त्याला बघून किती वर्षं झाली होती!

एकोणऐंशीत तिचा भाऊ आनंदा त्याला कल्याणला पारनाक्यावरच्या त्यांच्या घरी घेऊन आला होता. चेंदणी कोळीवाड्यातला हा मुलगा वडिलांच्या होडीवर न जाता गॅरेजमध्ये रमला होता आणि उधार-उसनवार करून सजवलेल्या फियाटमधून रॅलीत उतरत होता. सरावासाठी ते मुरबाडच्या रस्त्याला निघाले तेव्हा भागीरथी हट्टानं मागे बसली. तो वाटेत एक शब्द बोलला नाही. बोलायची गरजच नव्हती त्याला. प्रत्येक वळण त्याला आधीपासून ठाऊक असल्यासारखं यायचं आणि जायचं. आनंदानं डोळे मिटून घेतले होते. भागीरथीनं मिटले नाहीत. परत घरी पोचेपर्यंत तिचं ठरलं होतं. पुढं आई-आजीनं जातीवरून, होडीवरून, शर्यतींवरून जे काय बोलायचं ते बोलून घेतलं. तिचं ठरलेलं बदललं नाही.

लग्नानंतरची पहिली वर्षं ती त्याच्याबरोबर सगळीकडे गेली. मग घोडबंदर रोडला, गायमुखच्या अलीकडे, एक बैलगाडी अचानक आडवी आली. बैलगाडीला वाचवताना फियाट खड्ड्यात उलटली. बैलांना काही झालं नाही, त्यालाही नाही. तिचा कोपर मोडला. हॉस्पिटलातून प्लास्टर घालून ती घरी आली तेव्हा घरामागची शेड रिकामी होती. फियाट विकली होती. हेल्मेट नव्हतं, हातमोजे नव्हते, भिंतीवरचे फोटोसुद्धा उतरवलेले होते. "संपलं ते," तो म्हणाला होता, आणि तिच्यासाठी पेज आणायला स्वयंपाकघरात गेला होता.

तिला कुणी काही विचारलं नव्हतं.

गाडी वळवून ते परत निघाले. माजिवड्याच्या नाक्याआधी डावीकडून एक स्कूटर पुढं घुसत आली.

"साहेब, स्कूटर!" सेल्समन ओरडला.

परशुरामनं ब्रेक दाबला. स्कूटरवाला आरशाला घासून पुढं गेला आणि वळून शिव्या देत दिसेनासा झाला. परशुरामनं गाडी कडेला घेतली. त्याचे हात चाकावर होते आणि बोटांची पेरं पांढरी पडली होती.

"तुम्ही चालवा आता," तो सेल्समनला म्हणाला.

शोरूममधून निघून ते तलावपाळीला आले. ऊन कलतं होतं. कठड्याशी जागा मिळाली. तलावात नावा फिरत होत्या आणि कुणाची तरी पोरं पाण्यात हात घालून ओरडत होती. परशुरामनं शेंगदाण्यांची पुडी घेतली, पण उघडली नाही.

"सिटी घेऊ," तो म्हणाला.

भागीरथीनं त्याच्या हातातल्या पुडीकडे पाहिलं. मग म्हणाली, "लान्सर का नको?"

"स्टिअरिंग जड आहे."

"तुम्हाला?"

"तुला."

ती त्याच्याकडे बघत राहिली. तो तलावाकडे बघत होता.

"माझा काय संबंध? मी कुठं चालवते?"

"लायसन आहे ना तुझं. ब्याऐंशीत काढलेलं. नवं करून घेऊ." त्यानं पुडी या हातातून त्या हातात घेतली. "काचबिंदू आहे. दोन्ही डोळ्यांत. डॉक्टर म्हणतात, गेलेलं परत येत नाही. आहे ते औषधानं टिकेल, बहुतेक. पण गाडी नको म्हणाले."

"कधी म्हणाले?"

"दसऱ्याच्या आधी."

भागीरथीला एकेक गोष्ट आठवत गेली. ताटाशेजारचा पाण्याचा तांब्या पुन्हापुन्हा लवंडायचा आणि ती करवादायची. दाराच्या चौकटीला त्याचा खांदा आपटायचा. दिवेलागणीनंतर तो घराबाहेर पडेनासा झाला होता, आणि तिनं मनात म्हटलं होतं, आता हेही संपलं, आता माझ्याबरोबर फिरायचाही कंटाळा.

"दिसतं काय मग तुम्हाला?" तिनं विचारलं. आवाज नेहमीसारखा ठेवायला तिला कष्ट पडले.

"समोरचं दिसतं. चांगलं दिसतं. ती नाव, तो माणूस. बाजूचं नाही." तो थांबला. "कडेला बसलेली तू दिसत नाहीस. मान वळवावी लागते."

पण त्यानं मान वळवली नाही.

ती म्हणाली, "सिटीच घ्यायची ठरली होती, तर लान्सर कशाला बघायला गेलात?"

"एकदा चालवायची होती."

एवढंच. त्याचा चेहरा तिला नीट दिसत नव्हता, उन्हाकडे पाठ होती त्याची. पण पुलावरचे ते सैल खांदे तिच्या डोळ्यांसमोर आले. आधी रडू आल्यासारखं वाटलं. मग तिच्या लक्षात आलं, तो राग होता.

"फियाट विकलीत तेव्हा मला विचारलं होतंत?"

परशुरामनं आता वळून पाहिलं.

"तुझा हात..."

"हात माझा होता. प्लास्टर माझ्या हाताला होतं." ती हळूच बोलत होती, पलीकडे एक कुटुंब भेळ खात बसलं होतं. "मी त्या गाडीत डोळे उघडे ठेवून बसायचे. तुम्हाला माहीतय? मला भीती नाही वाटली कधी. त्या दिवशीसुद्धा नाही. घरी आले आणि शेड रिकामी बघितली, तेव्हा वाटली."

"मला वाटलं, तुला नको असेल ते सगळं."

"मला वाटलं, तुम्हाला मीच नकोशी झाले. माझ्यामुळं सोडावं लागलं म्हणून. चौदा वर्षं रिक्षाच्या मागून गाडी चालवणाऱ्या माणसाबरोबर बसतेय मी. रोज वाटायचं, आज तरी हा पुढं काढेल."

परशुरामनं पुडी उघडली आणि शेंगदाणे तिच्यापुढं धरले. तिनं घेतले नाहीत, तेव्हा तो ते तसेच हातात धरून बसला.

"जड आहे गं स्टिअरिंग," शेवटी तो म्हणाला. "रोज चालवायची म्हणजे हात दुखेल तुझा."

"दुखू दे. ते माझं मी बघेन."

"सिटीचं इंजिन पण काही कमी नाही. उलट वरच्या वेगाला जास्त पळतं."

"मग ते तुम्ही चालवताना हसला का नाहीत?"

तो विचारात पडला. "हसलो होतो? लान्सरमध्ये?"

"मागून दिसत होतं मला."

त्यानं मान खाली घातली. भागीरथीनं त्याच्या हातातून शेंगदाणे घेतले, एकेक करून खाऊ लागली, आणि मध्येच दोन त्याच्या तळव्यावर परत ठेवले.

लान्सर जानेवारीत घरी आली. शेवंतीला फोनवर सांगितलं तेव्हा ती किंचाळली आणि बाबांना द्या म्हणाली. परशुराम म्हणाला, "आईची आहे. आईशी बोल." डोळ्यांचं त्यानं तिला नंतर, ती घरी आल्यावर, स्वतः सांगितलं.

महिनाभर भागीरथी ड्रायव्हिंग स्कूलच्या जुन्या गाडीवर शिकली. नंतर रोज सकाळी कारखान्यापर्यंत आणि परत. पहिला गिअर टाकताना डावा हात पुरायचा नाही, खांद्यासकट किंचित झुकावं लागायचं. चढावर गाडी दोनदा बंद पडली आणि मागच्या एसटीनं भोंग्यानं कान किटवले. परशुराम डावीकडच्या सीटवर बसायचा. सुरुवातीला त्याचा उजवा पाय आपोआप ब्रेक शोधायचा. मग एके दिवशी तो पाय शांत झाल्याचं तिला जाणवलं. तो कमी बोलायचा, आणि बोलला तर कामाचं.

फेब्रुवारीतल्या एका रविवारी ते सकाळीच कल्याणला, आनंदाकडे निघाले. हवेत अजून गारवा होता. खारेगावचा पूल ओलांडून गाडी मोकळ्या रस्त्याला लागली. दोन्हीकडं गवत पिवळं पडत चाललं होतं. पुढं विटांनी भरलेला एक ट्रक डुलत चालला होता.

भागीरथी त्याच्यामागे राहिली. ट्रकचा धूर काचेवर येत होता.

"तिसरा टाक," परशुराम म्हणाला.

"चौथ्यात चालतेय की."

"चालतेय. पण रडतेय. ऐक."

तिनं ऐकलं. मग गिअर खाली आणला. इंजिनाचा आवाज उंचावला, मोकळा झाला.

"समोर रस्ता रिकामा आहे," तो म्हणाला. "लांबपर्यंत. आरसा तू बघ, तो मला नाही दिसत."

तिनं आरसा पाहिला. मागं कुणी नव्हतं. तिनं गाडी उजवीकडे घेतली आणि पाय दाबला. कोपरात कळ आली आणि तिथंच राहिली. ट्रकची चाकं, विटा, वरती बसलेला मजूर, ट्रकच्या दारावर रंगवलेला मोर, एकामागून एक मागे गेले. समोर नुसता रस्ता उरला. तिनं चौथा टाकला आणि पाय उचलला नाही. कितीतरी दिवसांनी तिला मोठ्यानं हसावंसं वाटलं आणि ती हसली.

तिनं ओझरतं शेजारी पाहिलं. परशुराम सीटवर पुरता वळून बसला होता, पाठ दाराला टेकवून. तो तिच्याकडे बघत होता.

"अहो, पुढं बघा ना," ती म्हणाली. "रस्ता कोण सांगणार?"

"पुढं तू बघतेयस की," तो म्हणाला, आणि तसाच बसून राहिला.