खणातल्या सुईची कैफियत

मित्रांनो, टेबलाच्या सर्वांत खालच्या खणात, बटणांच्या डब्यामागे पडून असलेली मी विणकामाची एक जुनी सुई आहे. माझी जुळी बहीण माझ्या शेजारीच आहे. एकाच तारेतून कापून, टोके घासून आणि डोक्यावर काळ्या टोप्या बसवून आम्हाला कारखान्यातून बाहेर धाडले. सुईने निमूटपणे विणावे, बोलू नये, हे मला मान्य आहे. तरी आज बोलते, कारण एक सल मला स्वस्थ बसू देत नाही.

माझी मालकीण म्हणजे आत्या. शाळेत शिवणकाम शिकवून त्या निवृत्त झाल्या होत्या. त्यांच्या हातचा स्वेटर पाहून लोक विचारत, “यंत्रावर केलाय का?” त्या नुसती मान हलवत आणि मी मनात फुलून जाई. तो गर्व आत्यांना आणि मला भोवला.

घरात आत्या, त्यांचा धाकटा भाऊ आणि त्याची नऊ वर्षांची मुलगी ठकी. ठकीचे बाबा जहाजावर नोकरी करत. महिन्याभरात त्यांना थंड समुद्राकडे निघायचे होते. ठकीने हट्ट धरला, “बाबांचा मफलर मी विणणार. मी म्हणजे मीच.”

आत्यांनी चोवीस टाके घालून मला तिच्या हाती दिले. “टोक आत घाल, लोकर गुंडाळ, बाहेर ओढ, जुना टाका सोडून दे. चारच कामं आहेत.”

ठकी इतके घट्ट विणे की मला आत शिरायला जागा उरत नसे.

“अगं, टाक्याचा गळा दाबतेस का?” आत्या म्हणत. “आणि हे चोवीसचे सत्तावीस कसे झाले? पाहुणे आले वाटतं?”

“येऊ देत गं ताई,” बाबा पेपरामागून म्हणत. “माझी मान जाडच आहे.”

एके दिवशी मधला टाका निसटला आणि विणीत भोक पडले. ठकीने त्यात करंगळी घातली. “आत्या, हे राहू दे. बाबा जहाजावर यात बोट घालून बसतील.”

दुसऱ्या दिवशी ठकी शाळेत गेल्यावर त्यांनी मफलर मांडीवर घेतला, सरसर उसवला आणि नव्याने विणला. सरळ, एकसारखा, बरोबर चोवीस टाक्यांचा. मित्रांनो, मी अडखळले नाही. उलट सरावाचा हात लाभला म्हणून सुखावले. मग रोज तेच होऊ लागले.

“काल तर वाकडं होतं ना?” ठकी विचारी.

“ओढून बसवलं की सरळ होतं,” आत्या सांगत.

निघायच्या आदल्या दिवशी मफलर पुरा झाला. ठकीने तो टेबलावर पसरला आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत करंगळी फिरवली. पुन्हा फिरवली.

“आत्या, माझं भोक कुठं गेलं?”

आत्या उरलेली लोकर गुंडाळू लागल्या. बाबा आत आले, मफलर गळ्यात घालून म्हणाले, “काय सफाई आहे! दुकानातला वाटतोय.”

“आत्यानं विणलाय,” ठकी म्हणाली आणि मला बहिणीसह खणात ठेवून आली.

पुढे आत्यांनी बरेच करून पाहिले. नवी लोकर आणली, मला खणातून काढून टाके घालून ठेवले. “चल ठके, या वेळी मी हात लावणार नाही,” असेही म्हणाल्या. ठकी “अभ्यास आहे” म्हणे. शेवटी आत्यांनी ते टाके स्वतःच उतरवले आणि मला परत खणात ठेवले.

मग एका दुपारी जहाजावरून फोन आला. मी खणातून ऐकत होते. बाबा म्हणत असावेत, तुझ्या हातचं काहीतरी विणून ठेव. ठकी शांतपणे म्हणाली, “मला विणता येत नाही, बाबा.”

आत्या शेजारीच बसल्या होत्या. जन्मभर साऱ्या घराच्या चुका दुरुस्त करणाऱ्या त्या बाईंना ते एक वाक्य दुरुस्त करता आले नाही.

मित्रांनो, नवशिक्याच्या हातातले वाकडे काम वाकडेच राहू द्या. त्याने विचारले तर दाखवा, तोवर हात मांडीवर ठेवून बसा. माझ्यासारखी एखादी सुई तुमच्या हाती असेल, तर तिलाही हे सांगा.