अर्ध्या चमच्याचं पाप

धरणेंद्र आण्णांनी उभ्या जन्मात बायकोशी लबाडी केली नव्हती. केली ती सत्तराव्या वर्षी, आणि तीही चहाच्या डब्यापाशी!

झालं असं, की विजयमालाबाईंना जैनांच्या भादव्यातल्या दशलक्षण पर्वाचे दहा उपवास करायचा ध्यास. अन्नाचा कण नाही, दिवसातनं एकदा उकळून गार केलेलं पाणी, बास. पण ओळीनं तीन वर्षं दुसऱ्याच दिवशी डोकं असं उठायचं, की बाई ओकून ओकून बेजार. मग घरचे हातापाया पडायचे नि उपवास मोडायचा. गेल्या साली त्या भिंतीकडं तोंड करून रडल्या. "माझंच कर्म आड येतंय," म्हणाल्या. आण्णांना ते फार लागलं.

नात भाग्यश्री मिरजेला नर्सिंग शिकते. सुट्टीला कवठे महांकाळला आली तेव्हा तिनं रोखठोक सांगितलं, "आजी, कर्म न्हाई, चहा हाय. दिवसाला सहा कप पितीस. त्यातल्या कॅफिनची शरीराला सवय लागलीया. एकदम तोडलं की डोक्यातल्या शिरा फुगत्यात आन् ठणका लागतो. आधीपासनं थोडा थोडा कमी कर."

"व्हय तर! माझी आई जन्मभर चहा प्याली नि जन्मभर उपवास केले. शहाणी झालीस लय!"

झालं, विषय संपला. त्या घरात बाईंच्या नकारावर अपील नव्हतं.

पण सम्मेदनं, म्हणजे मुलानं, बियाण्याचं दुकान हातात घेतल्यापासून चहाचं पातेलं होतं आण्णांच्या ताब्यात. श्रावण लागला तसा त्यांनी चार चमच्यांतला अर्धा चमचा कमी केला. चार दिवसांनी आणखी अर्धा. रंग उतरला तसा गवती चहा नि वेलदोडा वाढवला. पातेलं एकच, त्यामुळं त्यांचंही डोकं जड व्हायचं. दुपारी पेपर वाचता वाचता पेंग यायची. सोसलं गुमान.

रोज वाटायचं, आज सापडणार आपण. आमटीत मीठ चिमटीभर कमी पडलं तर ताट सरकवणारी बाई ही! पण त्या काही बोलायच्याच नाहीत. कप रिकामा करायच्या आणि नवऱ्याच्या तोंडाकडं बघत राहायच्या. मध्येच विचारायच्या, "आवं, आज वार कुठला?"

"गुरुवार."

"बरं," म्हणून उठून जायच्या.

पर्व लागलं तेव्हा पातेल्यात पावडरीचा कणही उरला नव्हता. दुसऱ्या दिवशी आण्णा सकाळपासनं त्यांच्या उशाशी बसून. "डोकं?"

"जरा जड हाय. बास."

तिसरा गेला, पाचवा गेला. दहाव्या दिवशी बाई बस्तीतनं, म्हणजे जैन मंदिरातनं, चालत घरी आल्या. आण्णांना आनंदानं काय करावं सुचेना, उगाच अंगणात दोन चकरा मारल्या.

पारण्याच्या सकाळी मुगाचं पाणी दोन घोट पोटात गेलं. पर्व सरलं की एकमेकांची क्षमा मागायची रीत. आण्णांनी हात जोडले.

"विजयमाला, मी तुला फसवलं. महिनाभर चहातली पावडर कमी करत गेलो. शेवटी तर टाकलीच न्हाई."

वाटी हातातच राहिली. "मुद्दाम?"

"मुद्दाम. मोजून."

"मोजून?" त्यांनी परत विचारलं, आणि पदर तोंडाला लावून हमसून हमसून रडायला लागल्या. आण्णा घाबरले. घास पोटात जायच्या आधी काय करून बसलो मी!

बाई उठल्या. आण्णांच्या सदऱ्याच्या खिशातनं, चष्म्याच्या घराखालनं, स्वतःच गुपचूप ठेवलेली घडीची चिठ्ठी काढली. बाईंच्याच अक्षरात आण्णांचं नाव, गल्ली, सम्मेदचा नंबर.

"थोरल्या भाऊजींचं असंच सुरू झालं हुतं. आधी साखर विसरले, मग घर. मला वाटलं, तुमी पावडर टाकायला विसरताय. तुमाला कळू ने म्हणून पीत हुते तसलं पाणी. हे दहा उपास मी माझ्यासाठी न्हाई केले. औंदा डोकं फुटलं असतं तरी सोडले नसते."

आण्णांनी बायकोचा हात धरला, दारात उभ्या सुनेसमोर, पन्नास वर्षांत पहिल्यांदा.

"सोडा, पोरं बघत्यात," बाई डोळे पुसत हसल्या. "जावा, तुमच्यापुरता चहा टाका. आन् पावडर विसरू नगा."

त्या चिठ्ठी फाडायला निघाल्या होत्या. आण्णांनी ती काढून घेतली आणि घडी घालून परत खिशात ठेवली.