खैरूनबीची साक्ष

घरचं माणूस गेलं की लोक आधी रडतात आणि महिन्याभराने वकिलाकडे येतात. तोवर पुराव्याचं मातेरं झालेलं असतं. सईदा होडेकर रत्नागिरीच्या माझ्या ऑफिसात आली तेव्हाही तेच.

तिचा भाऊ गनी दुबईला, ती स्वतः मासळीच्या कंपनीत कामाला. म्हणून अर्धांगवायू झालेल्या आईला त्यांनी आरे-वारेच्या रस्त्यावरच्या एका वृद्धाश्रमात ठेवलं होतं. खिडकीतून समुद्र दिसतो, त्यामुळे तिथले दर चढे. आईला कूस बदलता येत नव्हती आणि बदलून द्यायला कोणी फिरकत नव्हतं. सईदा भेटीला जाई तेव्हा आई चादर ओढून उताणी असे. खोलीत वास येई. तिथली बाई म्हणे, फिनेल संपलंय. मग ताप चढला, आणि घरी फोन आला तो सगळं आटोपल्यावर. दाखल्यावर कारण लिहिलं होतं, वार्धक्य.

पडून पडून पाठीला जखमा झाल्या असणार, या माझ्या नोटिशीला आश्रमाने उत्तर दिलं, "पाठ स्वच्छ होती." वर शोकही व्यक्त केला. कागद मात्र छान, जाड होता.

शवविच्छेदन नाही, फोटो नाही. कबर उघडायची परवानगी मागून पाहता येईल, असं मी म्हटलं.

"तेवढा नको, वकीलबाई," सईदा म्हणाली.

मला रागच आला. "मग आईची पाठ कोणी पाहिलीय?"

"खैरूनबीन."

खैरूनबी साखरतरची. गावातल्या बायकांना शेवटची आंघोळ, गुस्ल, तीच घालते. आम्ही तिच्या पडवीत बसलो. तिने चहा दिला, खारी दिली आणि साक्ष द्यायला नकार दिला.

"मयताच्या अंगावरचा ऐब झाकायचा. बघितला तरी सांगायचा नाय. आमच्या कामाचा कायदाच हाय तो."

झालं, आला दुसरा कायदा आडवा. मी तिला ग्राहक आयोग समजावला, प्रतिज्ञापत्र समजावलं, तुमच्याशिवाय तक्रार उभीच राहणार नाही म्हणून सांगितलं. माझं कोणतंच कलम तिला लागू होत नव्हतं.

मग सईदा बोलली. "चाची, आईच्या बाजूच्या खाटेवर दमयंती म्हणून म्हातारी हाय. तीपण उताणीच असते."

खैरूनबीने कप खाली ठेवला.

"ऐब तुझ्या आईचा असता तर झाकला असता," ती म्हणाली. "हा तिचा नव्हता. दुसऱ्यान केलेला." माझ्याकडे वळून म्हणाली, "लिव, बाय. पण हिला आधी भायेर पाठव. त्या दिवशीपण पाठ धुताना पाठवलेली, पाणी आणायला. घरात पाणी होता."

सईदाला हे आजच कळत होतं. तिचा चेहरा मी पाहिला आणि मला फार वाईट वाटलं. तिने थांबायची कायद्याला काही गरज नव्हती.

"बाहेर बसा थोडा वेळ," मी म्हटलं.

"नाय." ती खैरूनबीजवळ सरकून बसली. "सांग, चाची."

खैरूनबीने मानेपासून सुरुवात केली, धुवावं तसं, वरून खाली. मी लिहीत गेले. कमरेपाशी आल्यावर ती थांबली.

"पुढे," सईदा म्हणाली.