दुखायला हवं होतं

शकुबाईला साखरेचा आजार जडून बरीच वर्षं झाली होती. मागच्या उन्हाळ्यात ब्रह्मपुरीच्या डॉक्टरीणबाईंनी तिच्या दंडांना आणि घोट्यांना पट्टे बांधून तपासणी केली आणि तिच्या नवऱ्याला, देवरावला, आत बोलावलं.

"साखरेनं हिच्या रक्तवाहिन्या ताठ झाल्यात. वय पन्नाशीचं, पण आतून सत्तरीच्या बाईसारख्या. हृदयावर भार पडतोय. गोळ्या चुकवू नका. आणि अशा माणसाच्या छातीत दुखेलच असं नाही. नुसता घाम फुटला, दम लागला, तरी घेऊन या."

परतताना शकुबाई जीपमध्ये हसली. "दुखतच नाई तं दवाई कायले?"

तरी देवराव रोज सकाळी गोळ्या तिच्या हातावर ठेवायचा आणि ती गिळेपर्यंत समोरून हलायचा नाही.

भाताचा रोवणा सुरू झाला. बांधीतल्या चिखलात रोपं लावणाऱ्या बायांची रांग लागली होती. मध्येच शकुबाई उठून कडेच्या धुऱ्यावर येऊन बसली. पोलकं घामानं चिंब, पण त्या उकाड्यात सगळ्यांचीच तशी गत होती.

"काय झालं?" देवरावनं विचारलं.

"काई नाई. दम लागला थोडा."

"छातीत दुखते का?"

"नाई म्हन्लं ना. तुमी परे फेका, बाया थांबून राह्यल्या."

देवरावनं हातातली पऱ्यांची, म्हणजे भातरोपांची, पेंडी तिथंच टाकली आणि गावातल्या रोशनची जीप बोलावली. "रोवणा सोडून कुठी नेता मले?" म्हणत, कुरकुरत ती चढली. वाटेत तिनं त्याच्या खांद्यावर डोकं टेकलं. "तुमचा सदरा भिजून राह्यला," एवढंच म्हणाली. ब्रह्मपुरीची घरं दिसू लागली तेव्हा तिचं अंग सैल पडलं. दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी नाडी पाहिली आणि मान खाली घातली.

उरलेली बांधी बायांनी दुसऱ्या दिवशी कुणी न सांगता रोवून टाकली.

तिच्या पुण्यानुमोदनाच्या विधीला गाव जमलं. शेजारचे म्हातारे रामाजी म्हणाले, "सुखानं गेली, देवराव. काईच दुखलं नाई तिले." देवरावनं मान हलवली आणि उठून आत गेला. चुलीपाशी त्याची लेक संघप्रिया ताटं वाढत होती.

"दुखाले पाह्यजे होतं," तो तिला म्हणाला. "दुखलं असतं तं ती सकाळी घरूनच निघाली नसती, बाई."

संघप्रियानं बापापुढं ताट सरकवलं. त्यानं एक घास तोंडात घातला, आणि चावता चावता थांबून इतक्या हळू रडला की अंगणात बसलेल्यांना कळलंही नाही.