पेंडिंग एक

‘जेसिका मॅडम, आपला फोटो मिळाला. आपण आमच्या टूलरूममध्ये कधीही कामाला नव्हता, सबब ग्रुपवर घेता येत नाही. नापास.’

एवढं टाइप करून मालोजी शेडग्यांनी बटण दाबलं आणि चहाचा घोट घेतला. जेसिका गेली. तिच्यामागे आणखी पाच जण उभे होते. एक जण पंधरा दिवसांत डोक्यावर केस उगवून देणार होता. दोघं जण मालोजींची वेबसाइट पहिल्या नंबरावर आणणार होते. मालोजींना वेबसाइट नव्हती आणि केसही नव्हते, तरी त्यांनी तिघांनाही सभ्य भाषेत नापास केलं. चौथा इंग्रजीत फक्त ‘प्रिय मित्रा’ एवढंच म्हणून थांबला होता. त्याच्यापाशी ते थोडे रेंगाळले, कारण इतक्यात कुणी तसं म्हटलं नव्हतं. पाचवा चीनमधला कार्बाइडची टूल्स विकणारा. त्याचं पत्र ते नेहमी शेवटपर्यंत वाचत. ‘टॉलरन्स दिलेला नाही, मापात किती फरक चालेल ते लिहावे,’ असा शेरा मारून त्यांनी त्यालाही परत पाठवला.

सकाळचे दहा वाजून गेले होते. एरवी आता रांग संपायची. आज संपली नाही. स्क्रीनवर ‘पेंडिंग: १’ तसंच होतं. गेले तीन दिवस ते तसंच होतं.

पाठवणाऱ्याचं नाव होतं मालोजी शेडगे.

२००४ साली पिंपरीतल्या त्यांच्या कंपनीला कुलूप लागलं, तेव्हा टूलरूमच्या दोनशे चौदा माणसांनी पांगण्याआधी एक ई-मेल ग्रुप काढला. एका पत्त्यावर पत्र टाकायचं, ते सगळ्यांना जायचं. सुरुवातीची काही वर्षं पत्रांचा नुसता पाऊस होता. कुणाला चाकणला नोकरी लागली, कुणाच्या मुलीचं जमलं, कुणाचं मोडलं. मग एक दिवस एका परक्या माणसाचं पुरुषांच्या ताकदीच्या औषधाचं पत्र थेट दोनशे चौदा घरांत गेलं. ज्योतीराम नावाच्या सभासदाच्या घरी ते त्याच्या नव्या सुनेनं उघडलं. त्या संध्याकाळी ठरलं की यापुढे प्रत्येक पत्राचं आधी इन्स्पेक्शन होईल. माणसं शोधायला लागली नाहीत. टूलरूमचे दोन इन्स्पेक्टर होतेच, मालोजी शेडगे आणि मुबीन बागवान.

टूलरूमचाच नियम ग्रुपला लागला. ज्यानं मशीनवर जॉब केला, त्यानं तो पास करायचा नाही. मालोजींचं पत्र मुबीनभाई पास करणार, मुबीनभाईंचं मालोजी.

पुढे सगळे जण व्हॉट्सॲपवर गेले. मालोजीही गेले होते. तिथे एका सकाळी त्यांना अकरा जणांकडून एकच सूर्योदय आला आणि ते बाहेर पडले. ग्रुपवर आता खरी पत्रं येईनात. खोटी मात्र येत राहिली, न चुकता, सणासुदीलासुद्धा. मालोजी रोज सकाळी आंघोळ करून, धुतलेला शर्ट घालून त्यांना नापास करायला बसत.

त्यात ग्रुपची सेवा देणाऱ्या कंपनीची ही नोटीस आली. ज्या ग्रुपवर वर्षभरात एकही पत्र पास झालं नसेल, तो एकतीस तारखेला जुन्या पत्रांसकट पुसला जाईल. मालोजींनी वही काढली. शेवटचं पास झालेलं पत्र गेल्या वर्षीच्या जुलैअखेरचं निघालं, कुणाच्या तरी दहाव्याचं. म्हणून पंचवीस तारखेला त्यांनी स्वतःच एक पत्र लिहिलं आणि पाठवलं. ते नियमाप्रमाणे रांगेत येऊन उभं राहिलं.

आज अठ्ठावीस तारीख होती.

“काका, किल्ली ठेवते हां,” म्हणत शेजारची करिष्मा आत आली. हिंजवडीला कॉम्प्युटरच्या कंपनीत होती, शिफ्टला निघाली होती. वाकून तिनं स्क्रीन बघितली. “हे काय? पास करा ना. हे हिरवं बटण.”

“माहितीये हिरवं बटण.”

“मग दाबा की.”

“माझंच पत्र आहे ते.”

“म्हणून तर! कोण बघतंय तुम्हाला?”

“कुणी बघत नाही म्हणूनच दाबता येत नाही,” मालोजी म्हणाले. “अडतीस वर्षांत स्वतःचा जॉब स्वतः पास केला नाही. आता काय रिटायर झाल्यावर चोरी करू?”

करिष्मानं कपाळावर हात मारला. “तुम्ही ना, ग्रेट आहात. बरं, जुनं एखादं पत्र हवं असेल तर स्क्रीनशॉट काढून देऊ?”

“ड्रॉइंगचा फोटो काढला म्हणजे जॉब हातात येतो का गं?”

ती हसून गेली. जिना उतरल्याचा आवाज थांबेपर्यंत मालोजी दाराकडे बघत राहिले. मग त्यांनी जुनी पत्रं उघडली आणि २०१२च्या मार्चमध्ये गेले. रस्ता पाठ होता. बायपासच्या वेळी ते दवाखान्यात असताना विजयश्रीनं, त्यांच्या बायकोनं, जन्मातलं एकुलतं एक ई-मेल लिहिलं होतं. ‘यांचं ऑपरेशन झालं. हे बरे आहेत. भात खाल्ला. फोन करू नका, झोपलेत.’ खाली बारीक अक्षरात होतं, ‘पास: मुबीन बागवान.’ विजयश्रीला जाऊन आता चार वर्षं झाली होती. तिची साडी होती, चष्मा होता, फोटो तर भिंतभर होते. पण ‘हे बरे आहेत’ एवढं म्हणणारी ती फक्त तिथेच होती.

मालोजींनी पत्र बंद केलं, पायात चपला सरकवल्या आणि खाली उतरले.

मुबीनभाई मुलाकडे निघोज्याला राहायला गेले होते. अनिसचं तिथे कॉम्प्रेसर दुरुस्तीचं वर्कशॉप होतं. आठ महिन्यांपूर्वी मुबीनभाईंना अर्धांगवायू झाला. उजवी बाजू गेली, बोलणं गेलं. मालोजी पहिल्या महिन्यात एकदा जाऊन आले होते. मुबीनभाई काहीतरी सांगायला गेले, आवाज आला, शब्द आला नाही आणि डोळ्यांतून पाणी यायला लागलं. मालोजी ‘पुढच्या रविवारी येतो’ म्हणून उठले. बाहेर चपला घालताना त्यांचे पाय दोनदा चुकले. त्यानंतर तीसेक रविवार झाले होते.

मोशीच्या जाममध्ये बस तासभर उभी राहिली. शेजारचा माणूस म्हणाला, “चाकणला का, काका? कंपनीत?”

“हो,” मालोजी म्हणाले. “इन्स्पेक्शनला.”

कुरुळी फाट्यावरून शेअर रिक्षा केली. दार अनिसच्या बायकोनं, बिल्किसनं उघडलं. मालोजींना बघून तिनं ओढणी सावरली आणि नमस्काराऐवजी आत वळून मोठ्यांदा ओरडली, “अब्बा! आले बघा! जिते हायत चाचा!”

मालोजी उंबऱ्यात थबकले. “मी मेलो असं कुणी सांगितलं?”

“कुणी न्हाई, ह्या फोननं,” बिल्किस म्हणाली. “बसा आधी. पाणी घ्या.”

मुबीनभाई खिडकीपाशी खुर्चीत होते. दाढी नीट केलेली, उजवा हात मांडीवर ठेवून दिलेला. डाव्या हातात फोन. त्यांनी मालोजींना वरून खालपर्यंत पाहिलं, पूर्वी तपासणीच्या सरफेस प्लेटवरचा जॉब बघायचे तसं.

“अक्षरं लागत न्हाईत त्यांना आता,” बिल्किस सांगू लागली. “पण आकडा कळतो. नाश्ता झाला की फोन घेऊन बसायचं. तुमच्या ग्रुपचं काय ते रात्रभर चढलेलं असतं, पाच, सात, एकदा तर एकवीस. मग दहा वाजले की धडाधडा उतरतं. शून्य झालं की असं बोट करतात, आणा चहा. मी म्हटलं, हे काय खूळ हाय? तर अनिस म्हणाले, खूळ न्हाई, तिकडं शेडगे चाचा बसलेत, ते उतरवतात. तेव्हापासून आम्ही सगळेच बघतो. शून्य झालं म्हणजे चाचा उठले.”

मालोजींच्या हातातला पाण्याचा ग्लास तसाच राहिला.

“आणि तीन दिवस झाले, एक राहतंयच. बाकीचं उतरतं, ते एक जागचं हलत न्हाई. अब्बांनी चहा सोडला की हो! उद्या अनिस वर्कशॉप बंद ठेवून येणार होते तुमच्याकडं.”

“ते एक म्हणजे मीच,” मालोजी म्हणाले. खुर्ची ओढून ते मुबीनभाईंच्या समोर बसले. “मुबीन, जॉब आणलाय. ग्रुप पुसणार आहेत एकतीसला. विजूचं पत्र आहे त्यात, तूच पास केलेलं. एक पत्र पास झालं की वर्षभर बघायला नको. तुला वाचता येत नसेल तर मी वाचतो. तू तपास.”

मुबीनभाईंनी मान किंचित हलवली.

मालोजींनी चष्मा लावला. “सर्व सभासदांना नमस्कार. आपण सर्व जण सुखरूप असाल...”

मुबीनभाईंची डाव्या हाताची दोन बोटं वर झाली. टूलरूममध्ये ती तशी वर झाली की मशीन थांबायचं.

“काय झालं?”

मुबीनभाईंनी बोटं खाली केली आणि मांडीवरच्या उजव्या हातावर टेकवली.

“बरोबर आहे,” मालोजी म्हणाले. “काढतो ते. पुढे ऐक. ग्रुप बंद होऊ नये म्हणून हे पत्र. बाकी काही काम नाही. मी बरा आहे.”

दोन बोटं परत वर झाली.

“आता काय? आहे की मी बरा.”

बोटं खाली येईनात. मुबीनभाई त्यांच्याकडे बघत होते. मालोजींनी शर्टाची कॉलर सरळ केली, खिडकीबाहेर पाहिलं. कुठेतरी कॉम्प्रेसर सुरू होऊन बंद पडला.

“बरं. तेही काढतो.”

आधीचं पत्र त्यांनी आपल्या फोनवर उघडलं. स्वतःचा जॉब नापास करायला नियमाची कसलीच आडकाठी नव्हती. ‘माहिती खरी नाही. नापास,’ असा शेरा लिहून त्यांनी बटण दाबलं. मुबीनभाईंच्या फोनवर एकाचं शून्य झालं. त्यांचा डावा ओठ हलला. मालोजींनी नवं पत्र लिहून पाठवलं. परत एक. मालोजींनी ते मोठ्यानं वाचून दाखवलं.

“सर्व सभासदांना नमस्कार. ग्रुप बंद होऊ नये म्हणून हे पत्र. बाकी काही काम नाही. मालोजी शेडगे.”

मुबीनभाईंनी डोळे मिटून ऐकलं. मग फोन गुडघ्यावर टेकवला आणि डाव्या अंगठ्यानं, दोनदा चुकून, तिसऱ्यांदा हिरवं बटण दाबलं. दोन्ही फोन एकदम वाजले. पत्र दोघांनाही आलं होतं.

मालोजींचा फोन मग वाजतच राहिला. दहा, तीस, साठ.

“या अल्ला! बघा अब्बा, किती जणांची उत्तरं!” चहा घेऊन आलेली बिल्किस म्हणाली.

मालोजी हो म्हणणार होते. त्यांची नजर मुबीनभाईंच्या डाव्या हाताकडे गेली. “उत्तरं नाहीत गं,” ते म्हणाले. “परत आलीत. पत्ते बंद झालेत त्यांचे.”

तिनं दोघांच्या मध्ये चहा ठेवला. मुबीनभाईंनी कप उचलला. फोन वाजायचा थांबेपर्यंत दोघांनी चहा पुरवला.

निघताना मालोजी दारात वळले. “पुढच्या रविवारी येतो,” म्हणाले आणि आपणच त्या हाताकडे बघत थांबले. बराच वेळ थांबले. बोटं वर झाली नाहीत. फोनवर तशीच पडून राहिली.

दुसऱ्या दिवशी मालोजींनी आंघोळ केली, धुतलेला शर्ट घातला आणि यंत्र उघडलं. ‘पेंडिंग: ९’. जेसिका परत आली होती, नवा फोटो घेऊन. बरोबर दहाला त्यांनी फक्त तिलाच नापास केलं आणि हात मागे घेतला. मग ते भाजी घेऊन आले. अकरा वाजता केसवाला गेला. बारा वाजता वेबसाइटवाल्यांतला एक. जेवण झालं, भांडी घासून पालथी घातली. एक वाजता दुसरा. दोनला आणि तीनला नवे आलेले एकेक.

चीनवाल्यानं या वेळी टॉलरन्स लिहिला होता. मालोजींनी तो दोनदा वाचला, योग्य आहे असं मनातल्या मनात म्हटलं आणि त्याला चार वाजेपर्यंत ठेवून घेतला. संत तुकाराम नगरात तेव्हा पाणी सुटलं होतं, खालून बादल्यांचे आवाज येत होते. भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत ते बसून राहिले. चार वाजले, तसं त्यांनी बटण दाबलं.

निघोज्यात मुबीनभाईंच्या फोनवर तिनाचे दोन झाले असतील.