लेकीकडून घेतलेले चार माग

बेळगावातल्या वडगावच्या भरमाप्पांनी चार नवे यंत्रमाग घेतले तेव्हा सगळ्या गल्लीत पेढे वाटले. पैसे कुठून आणले, असं बायकोनं, मालुबाईनं, विचारलं तर "बँकेतनं" एवढंच सांगितलं. ते काही खोटं नव्हतं. पैसे बँकेतूनच आले होते. फक्त बँकेत ते मॉरिशसहून आले होते, एवढं सांगायचं त्यांनी टाळलं.

मॉरिशसला त्यांची एकुलती एक लेक, सुवर्णा. जावई अमृत तिकडच्याच एका जुन्या मराठी घरातला. बेळगावात शिकायला आला आणि जाताना सुवर्णाला घेऊन गेला. तिकडच्या मराठी बायकांना सणासुदीला इकडच्या साड्या लागतात हे सुवर्णानं पहिल्या वर्षीच ओळखलं आणि बापाकडून साड्या मागवून दुकान काढायचं ठरवलं. सीएनं सांगितलं, सगळं रीतसर करा. मग भरमाप्पांची वडगावची कंपनी झाली आई, तिनं पैसे घालून तिकडं काढलेली कंपनी झाली तिची लेक.

लेक कंपनी भारी निघाली. तीन वर्षांत दुकानाकडं पैसा साठला आणि इकडं आई कंपनीकडं मागणीएवढे मागच नव्हते. सुवर्णा म्हणाली, "आप्पा, दुसरीकडं व्याज कशाला भरता? दुकानाचं पैसं हाईत की, तिथनं घ्या." अठरा लाखांचं कर्ज ठरलं. करारावर सह्या झाल्या, व्याजाचा दर ठरला, रिझर्व्ह बँकेला दर जुलैत माहिती जाऊ लागली. रिझर्व्ह बँकेला कळलं, मालुबाईला कळलं नाही.

त्याला कारण होतं. लेकीच्या घरचं पाणीसुद्धा घेऊ नये, अशी मालुबाईची शिस्त. पंधरा दिवस मॉरिशसला गेली तेव्हा ज्वारीचं पीठ, तूरडाळ आणि चटणी इथून घेऊन गेली होती. तरी जेवण लेकीच्या गॅसवर होतंय म्हणून रोज ताटाखाली दहाची नोट ठेवायची. ती नोट तिकडं कुणी घेत नाही, असं जावयानं समजावलं, तर दुसऱ्या दिवसापासून वीसची ठेवू लागली.

हे सगळं तसंच झाकून राहिलं असतं, पण कॉलेजात अर्थशास्त्र शिकवणाऱ्या प्राध्यापिका कल्याणी याळगी अभ्यासाला बसल्या. विषय होता, आपल्या देशातल्या कंपन्या परदेशी पैसे गुंतवतात आणि मग त्याच परदेशी कंपन्यांकडून कर्ज घेतात, त्या कर्जाचा कल. बेळगावात त्यांना अशा अकरा कंपन्या सापडल्या. दहा उद्यमबागेच्या कारखाने-वसाहतीतल्या, लोखंड ओतणाऱ्या. अकरावी भरमाप्पांची.

ऑगस्टात एका सकाळी बाई प्रश्नावली घेऊन वडगावात आल्या. जुने दोन आणि नवे चार, सहाच्या सहा माग चालू. शेजारी बसलेल्या माणसाचं बोलणं ऐकू येईना. भरमाप्पांनी त्यांना खुर्ची दिली, मालुबाई आत चहा ठेवायला गेली. बाईंनी दोनदा हळू विचारलं, भरमाप्पांनी दोनदा कानाला हात लावला. शेवटी बाईंनी खूप सोपे शब्द शोधले आणि छाती भरून ओरडल्या,

"तुमच्यावर लेकीचं कर्ज किती आहे?"

त्याच क्षणी करंट गेला.

सहाही माग एकदम गप्प झाले आणि बाईंचा आवाज तेवढा गल्लीत घुमत गेला. समोरच्या भावकूनं दाढी करता करता खिडकीतून मान बाहेर काढली. मालुबाई चहाचं पातेलं हातात घेऊनच बाहेर आली.

"कुनाचं कर्ज?"

"अगं, तसं न्हाय गं ते," भरमाप्पा म्हणाले.

"मग कसं?"

मालुबाईनं पातेलं खाली ठेवलं, एकेका नव्या मागाकडं बोट केलं. "ह्यो? ह्यो? ह्यो बी? आन त्यो?" भरमाप्पा चारही वेळा मान डोलवत गेले.

करंट आल्यावर मालुबाईनं जुने दोनच माग लावू दिले. नव्या चारांवर चादरी टाकल्या.

कल्याणीबाईंना फार वाईट वाटलं. दुसऱ्या दिवशी समजूत काढायला त्या परत आल्या आणि अकरा कंपन्यांचा आलेख मालुबाईपुढं धरला. "हे बघा, लाज वाटण्यासारखं काही नाही. सगळेच घेतात. दर वर्षी रेघ वरच चाललीय."

मालुबाईनं रेघेवरून बोट फिरवलं. "म्हंजे सगळं उद्यमबाग लेकींच्या जिवावर चाललंय?"

"तशा खऱ्या लेकी नाहीत हो. कंपनी म्हणजे कायद्यानं वेगळी व्यक्ती असते. पैसे सुवर्णानं दिलेलेच नाहीत. तुमच्या यजमानांच्या कंपनीची जी तिकडची लेक आहे, तिनं दिलेत."

मालुबाई सावकाश नवऱ्याकडं वळली. "तिकडं तुमची आनि एक लेक हाय?"

त्या दिवशी भरमाप्पांना दुपारचं जेवण मिळालं नाही. संध्याकाळी भावकू उगाच येऊन "पोरगी केवढी हाय म्हनायची?" असं विचारून गेला.

चार दिवस असेच गेले. कायद्याची व्यक्ती म्हणजे काय ते कल्याणीबाईंनी दोनदा येऊन सांगितलं, तिला हातपाय नसतात हेही सांगितलं, तेव्हा कुठं भरमाप्पांची सुटका झाली. पण चादरी काही निघाल्या नाहीत. तिकडून सुवर्णाचे फोन सुरू झाले. गणपतीला तीनशे साड्या हव्या होत्या आणि दोन मागांवर शंभरही होईनात. ज्या दुकानानं माग घेऊन दिले, त्याच दुकानाला माल मिळेना.

पाचव्या दिवशी मालुबाईलाच उपाय सापडला. तिनं कल्याणीबाईंना फोन लावला. "मॅडम, कंपनीला हातपाय न्हाईत म्हनला न्हवं? मग ती बाईमानूस हाय हे कुनी ठरवलं?"

"कुणीच नाही," बाई म्हणाल्या.

"मग ल्योक म्हनायचं की! ल्योकाचं घ्यायला काय हरकत?"

भरमाप्पांना इतका आनंद झाला की त्यांनी चादरी ओढायलाच घेतल्या. मालुबाईनं हौसेनं व्हिडिओ कॉल लावून सुवर्णाला ही बातमी सांगितली. सुवर्णा हसेल असं दोघांना वाटलं होतं. ती हसली नाही.

"आई, दुकान कोन चालवतंय?"

"तू."

"पैसं कुनी मिळवलं?"

"तूच की गं."

"मग मी दिलं तर पाप आन ल्योकानं दिलं तर हक्क? लई भारी. साड्या नगंत मला. मी दुसरीकडनं मागवती." फोन बंद झाला.

भरमाप्पांच्या हातात चादरीचं एक टोक तसंच राहिलं. मालुबाई सुताच्या कांड्या भरायला बसली. दोन-तीन कांड्या वाकड्यातिकड्या भरल्या, त्या उलगडून परत भरल्या. तुझं पाणीसुद्धा आम्हाला नको, असं आपण त्या पोरीला पंधरा दिवस दहा-वीसच्या नोटांनी सांगत बसलो होतो, हे तिला आत्ता कळलं. उठून तिनं स्वतः चारही चादरी काढल्या आणि बटणं दाबली.

"बघत काय बसलाय?" ती मागांच्या आवाजावर आवाज चढवून ओरडली. "तीनशे साड्या व्हायच्या हाईत!"

मग सुवर्णाला फोन लावून तिनं काय सांगितलं ते मागांच्या आवाजात भरमाप्पांना ऐकू आलं नाही. फोन बराच वेळ चालला होता आणि मालुबाई मधेच पदरानं डोळे पुसत होती, मधेच हसत होती. साड्या गणपतीच्या आधी चार दिवस पोचल्या.

सप्टेंबरात कल्याणीबाई उरलेले प्रश्न विचारायला आल्या, आणि या खेपेला आधी माग बंद करायला लावले. शेवटचा प्रश्न होता, पुढच्या वर्षी हे कर्ज कमी होईल, तेवढंच राहील की वाढेल?

"कमी हुईल," भरमाप्पा म्हणाले.

"वाढंल," मालुबाई म्हणाली.

"ते कसं?"

"आनि दोन माग घ्यायचं हाईत. सुवर्णाशी ठरलंय माझं. तुमास्नी सांगायचं ऱ्हायलं."

बाईंनी 'वाढेल'पुढं खूण केली आणि सहीसाठी कागद भरमाप्पांपुढं सरकवला.